जुन्या तबकड्या, नवी यंत्रे आणि आपले कर्तव्य

ज्या वस्तूवर आपण आपल्या आठवणी सोपवितो, ती किती काळ टिकेल याची चौकशी आपण आवर्जून करतो. परंतु ती वाचणारे यंत्र किती काळ मिळेल, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आपल्या समाजातील कोणत्याही घराचे कपाट उघडून पाहावे. सीडी आणि डीव्हीडी यांची एखादी चळत तेथे हमखास सापडेल. कोणाचा विवाह, कोणाचा गृहप्रवेश, वसतिगृहाचे स्नेहसंमेलन, दहावीच्या तुकडीचा निरोप समारंभ, वस्तीतील भीमजयंतीची मिरवणूक, आज हयात नसलेल्या एखाद्या कार्यकर्त्याचे भाषण, असा पुष्कळ ऐवज त्या चळतीत आहे. यांतील अनेक तबकड्या आजही शाबूत आहेत. मात्र त्या लावण्याचे यंत्र घरात उरलेले नाही. दूरचित्रवाणी संचाखालचा डीव्हीडी प्लेअर केव्हाच अडगळीत गेला आणि नव्या लॅपटॉपला तबकडी घालण्याची खाचच नसते.

शाळेची स्मरणिका ही आठवणी जपण्यासाठीच काढली जाते. म्हणून त्या आठवणी ज्या तबकड्यांत बंद आहेत, त्यांच्याविषयी येथे लिहिणे आम्हांस उचित वाटते. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे: जुने वाचता येण्याची जबाबदारी नेहमी नव्यावर असते. चित्रतबकड्यांच्या इतिहासात यंत्रे बनविणाऱ्यांनी ही जबाबदारी बराच काळ पाळली आणि तिचा लाभ आपण सर्वांनी घेतला. आता त्यांच्याकडून ती सुटत चालली आहे, आणि जेथे यंत्राची जबाबदारी संपते तेथून माणसाची सुरू होते.

जुन्या-नव्याचे जुळणे दोन प्रकारचे असते. नव्या यंत्राने जुनी तबकडी वाचणे हा एक प्रकार आणि जुन्या यंत्राने नवी तबकडी वाचणे हा दुसरा. दुसऱ्या प्रकाराची अपेक्षा ठेवणे बहुधा व्यर्थ असते, कारण १९९६ साली बनविलेल्या यंत्राला २०१६ सालची युक्ती ठाऊक असणार कशी? पहिला प्रकार मात्र शक्य असतो. नवे बनविणाऱ्याच्या मनात तो असावा लागतो एवढेच.

तो मनात होता याचा पुरावा तबकडीच्या आकारातच दिसतो. १९७८ साली अमेरिकेत बाजारात आलेली लेसरडिस्क ३० सेंटीमीटर व्यासाची, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढी होती. १९८२ साली आलेली ध्वनिमुद्रणाची सीडी १२ सेंटीमीटरची. त्यानंतर १९९६ च्या अखेरीस जपानमध्ये विक्रीस आलेली डीव्हीडी १२ सेंटीमीटरचीच आणि २००६ मधील ब्लू-रे चित्रतबकडीही तेवढीच. तिघींची जाडी सुमारे १.२ मिलीमीटर आणि मधले छिद्रही सारखेच. तीन पिढ्यांची मापे अशी एक ठेवली गेली, कारण नव्या यंत्राच्या खणात जुनी तबकडी बसावी, असे ठरविण्यात आले होते.

बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या तबकड्या आतून मात्र अगदी भिन्न आहेत. प्रत्येकीत माहिती सूक्ष्म खळग्यांच्या रूपाने एका मळसूत्री वाटेवर कोरलेली असते आणि लेसरचा किरण त्या वाटेवरून फिरत परावर्तित प्रकाशातील फरक टिपतो. सीडीतील वाटेच्या दोन फेऱ्यांमधील अंतर १.६ मायक्रॉन, डीव्हीडीत ०.७४ मायक्रॉन आणि ब्लू-रेमध्ये ०.३२ मायक्रॉन असते. वाट जितकी दाट, तितका किरण बारीक हवा. त्यासाठी सीडीला ७८० नॅनोमीटरचा अवरक्त किरण पुरतो, डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा लाल लागतो आणि ब्लू-रेला ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा. माहितीचा थर किती खोलवर आहे, हाही भेद आहे. किरण ज्या बाजूने शिरतो तेथून मोजले, तर सीडीत तो थर सुमारे १.२ मिलीमीटरवर, डीव्हीडीत ०.६ मिलीमीटरवर आणि ब्लू-रेमध्ये अवघ्या ०.१ मिलीमीटरवर असतो. म्हणून सीडीवर सुमारे ७०० मेगाबाइट, डीव्हीडीच्या एका थरावर ४.७ गिगाबाइट आणि ब्लू-रेच्या एका थरावर २५ गिगाबाइट माहिती मावते.

याचा अर्थ असा, की ब्लू-रेच्या यंत्राने आपल्या मुलीच्या लग्नाची डीव्हीडी वाचावी, ही गोष्ट आपोआप घडणारी नाही. त्यासाठी त्या यंत्रात निळ्या लेसरच्या जोडीला लाल लेसर बसवावा लागतो आणि वेगवेगळ्या खोलीवर किरण केंद्रित करणारी भिंगांची योजना करावी लागते. सीडी वाचायची तर अवरक्त लेसर आणखी वेगळा. आरंभीच्या काळातील डीव्हीडी प्लेअरचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. कंपनीतून छापून आलेली सीडी ते वाचीत. परंतु संगणकावर राइट केलेली सीडी त्यांतील अनेकांना दिसतच नसे. राइट करण्याच्या सीडीत रंगद्रव्याचा थर असतो आणि तो लाल किरण पुरेसा परत पाठवीत नाही. पुढे उत्पादकांनी सीडीसाठी स्वतंत्र अवरक्त लेसर बसविला, तेव्हा ती अडचण दूर झाली. जुन्याशी नाते राखण्याला असा रोख खर्च असतो, आणि तो नव्याने सोसावा लागतो.

प्रकाशाने खळगे वाचता येणे ही पहिली पायरी झाली. वाचलेल्याचा अर्थ लागणे ही दुसरी. आपल्याकडे सर्वांत परिचित असलेल्या व्हीसीडीचे उदाहरण घ्यावे. १९९३ मध्ये आलेला हा प्रकार म्हणजे देहाने सीडीच. तिच्यावर एमपीईजी-१ या पद्धतीने चित्र आणि आवाज साठविलेले असत. एका तबकडीत सुमारे ७४ मिनिटांचे चित्रण मावे, म्हणून चित्रपट दोन किंवा तीन तबकड्यांत येई आणि ऐन रंगात असताना उठून तबकडी बदलावी लागे. युरोप-अमेरिकेत व्हीसीडी फारशी रुजली नाही. भारतासह आशियातील अनेक देशांत मात्र तिने घराघरांत चित्रपट नेला. चैत्यभूमी आणि दीक्षाभूमी येथील विक्रीच्या मांडवांत ध्वनिफितींच्या शेजारी भीमगीतांच्या व्हीसीडी येऊन बसल्या, त्या याच काळात. डीव्हीडी आली, तेव्हा आपल्या बाजारातील डीव्हीडी प्लेअर व्हीसीडीही चालवीत असल्यामुळे कोणालाही घरातील जुना संग्रह फेकावा लागला नाही. पुढे २००७ च्या सुमारास मोझर बेअर या भारतीय कंपनीने चित्रपटांच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकण्यास आरंभ केला, तेव्हा दोन्ही प्रकार एकाच दुकानात, एकाच यंत्रासाठी विकले जात होते.

ब्लू-रेच्या पिढीत हा धागा विरळ झाला. अनेक ब्लू-रे यंत्रांचा लेसर व्हीसीडीवरील खळगे वाचू शकतो. परंतु त्या जुन्या मांडणीचा अर्थ लावण्याची सोय आज्ञावलीत ठेवलेलीच नसते. आरंभीची काही ब्लू-रे यंत्रे तर साधी ध्वनिमुद्रणाची सीडीही चालवीत नसत. डीव्हीडी वाचणेदेखील ब्लू-रेच्या नियमावलीने सक्तीचे केलेले नाही. ग्राहकाने यंत्र नाकारू नये म्हणून बहुतेक सर्व उत्पादकांनी ती सोय दिली. जे सौजन्य म्हणून मिळते, ते कधीही काढून घेतले जाऊ शकते, याची जाणीव आपण ठेवावी हे बरे.

दोन प्रसंग या संदर्भात आठवतात. १९९५ साली डीव्हीडी जन्मास येण्यापूर्वी तोशिबाच्या बाजूचा एक आणि सोनी-फिलिप्स यांचा दुसरा, असे दोन परस्परविरोधी आराखडे समोरासमोर उभे होते. संगणक उद्योगातील मोठ्या कंपन्यांनी दोघांनाही बजावले, की तुम्ही एक मार्ग ठरवा. तडजोड झाली, एकच डीव्हीडी आली आणि ती जगभर पसरली. दहा वर्षांनी तेच चित्र पुन्हा दिसले. २००६ साली तोशिबाची एचडी डीव्हीडी आणि सोनी आदींची ब्लू-रे एकाच वर्षी बाजारात उतरल्या. एचडी डीव्हीडीची रचना डीव्हीडीला अधिक जवळची होती. तिचा थर डीव्हीडीप्रमाणेच ०.६ मिलीमीटर खोलीवर होता. या वेळी मात्र तडजोड झाली नाही. जानेवारी २००८ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने ब्लू-रेची बाजू घेतली आणि १९ फेब्रुवारी २००८ रोजी तोशिबाने एचडी डीव्हीडी बंद करीत असल्याचे जाहीर केले. ज्यांनी त्या तबकड्या विकत घेतल्या होत्या, त्यांचा संग्रह दोन वर्षांत अनाथ झाला; ब्लू-रेचे सर्वसाधारण यंत्र त्या तबकड्या वाचीत नव्हते. मोठ्यांच्या स्पर्धेत कोण हरले याची नोंद इतिहासात होते. कोणाचे घरचे धन बुडाले, याची नोंद कोणी ठेवीत नाही.

येथपर्यंत सांगितलेल्या अडचणी प्रकाशाच्या आणि पदार्थाच्या स्वभावातून किंवा निदान आराखड्यातील मतभेदातून आल्या. काही अडचणी मात्र जाणूनबुजून निर्माण केल्या गेल्या. डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडले गेले. त्यांत भारत पाचव्या विभागात, अमेरिका पहिल्यात आणि आखाती देश दुसऱ्या विभागात आले. त्यामुळे अमेरिकेत वा दुबईत विकत घेतलेली चित्रपटाची डीव्हीडी गावातील प्लेअरवर लागेलच, अशी खात्री नव्हती. तबकडी तीच, लेसर तोच, मांडणी तीच. तरीही यंत्राने नकार द्यावा, अशी व्यवस्था व्यापारासाठी करण्यात आली. आपल्या निर्मितीचे मोल मिळावे, ही निर्मात्याची अपेक्षा योग्यच आहे. परंतु मोल चुकते करून घेतलेली वस्तू सीमा ओलांडताच मुकी व्हावी, याला न्याय म्हणता येणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

यावर कोणी म्हणेल, की हा सारा वाद आता शिळा झाला. चित्रपट मोबाइलवर दिसतात, गाणी मागितली की वाजतात. मग तबकड्यांचा एवढा विचार कशाला? कोणत्याही उत्पादकाने जुन्या प्रकारांचे ओझे कोठवर वाहावे, हाही प्रश्न आहेच. पायोनियर कंपनीने लेसरडिस्क आणि डीव्हीडी दोन्ही चालविणारी यंत्रे काढली होती. पण २००९ मध्ये तिनेही लेसरडिस्कची यंत्रे बनविणे थांबविले. अनंत काळ जुने वाहून नेणे कोणालाच शक्य नसते, हे आम्ही मान्य करतो.

या आक्षेपात तथ्य आहे, परंतु ते बाजारात विकल्या जाणाऱ्या चित्रपटांपुरते. गाजलेला चित्रपट एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात नेण्यासाठी त्याच्या मालकाजवळ पैसा असतो, कारण त्यातून पुन्हा पैसा मिळणार असतो. २००३ सालच्या स्नेहसंमेलनात आठवीच्या मुलींनी बसविलेल्या नाटिकेला असा मालक नाही. गावच्या विहाराच्या पायाभरणीत आजीने म्हटलेल्या गाण्याला नाही. त्यांची प्रत कोणत्याही कंपनीच्या साठ्यात नाही; ती कपाटातील त्या एका तबकडीत आहे, आणि जगात इतरत्र कोठेही नाही. ज्यांचा इतिहास इतरांनी फारसा लिहून ठेवला नाही, अशा समाजाने तर स्वतःची नोंद स्वतः सांभाळली पाहिजे. तिच्यासाठी दुसरे कोणी येणार नाही.

महाराष्ट्राला या संकटाचा जुना अनुभव आहे. मोडी लिपीत लिहिलेली लक्षावधी कागदपत्रे पुण्याच्या पेशवे दप्तरात आणि अनेक घरांच्या पेटाऱ्यांत आजही आहेत. कागद टिकला, शाई टिकली. परंतु छपाईत आणि शाळेत बालबोध रूढ झाली, मोडीचा दैनंदिन वापर थांबला आणि वाचणारे विरळ झाले. आज जमिनीच्या एखाद्या जुन्या दाव्यासाठी मोडीचा जाणकार शोधत फिरावे लागते. तरीही लिपी माणूस नव्याने शिकू शकतो. इच्छा आणि चिकाटी असली, की पुरे. लेसरचे यंत्र मात्र असे शिकता येत नाही. ते कारखान्यात बनावे लागते, आणि कारखाने बंद होत आहेत. सोनी कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये राइट करण्याच्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबविले. मोझर बेअर तर त्यापूर्वीच दिवाळखोरीत निघाली होती.

म्हणून प्रत्यक्ष काय करावे, हे सांगणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. संगणकाला यूएसबीने जोडता येणारा डीव्हीडी ड्राइव्ह अजून बाजारात मिळतो. प्रत्येक घराने नव्हे, तर प्रत्येक वस्तीने किंवा प्रत्येक माजी विद्यार्थी तुकडीने एक घेतला, तरी पुरेसे आहे. व्हीसीडी संगणकात घातली, की एमपीईजीएव्ही नावाच्या फोल्डरमध्ये तिचे चित्रण असते. डीव्हीडीचे चित्रण व्हिडिओ_टीएस या फोल्डरमध्ये असते. तो मजकूर प्रथम जसाच्या तसा उतरवून घ्यावा आणि मगच मोबाइलवर चालेल अशी दुसरी प्रत तयार करावी. लहान प्रत हाती आली म्हणून मूळ प्रत पुसू नये, कारण रूपांतरात दर्जा घटतो आणि घटलेला दर्जा परत येत नाही. व्हीसीडीकडे आधी लक्ष द्यावे. जागा वाचविण्यासाठी तिच्यातील चित्रणासाठी चुका दुरुस्त करण्याची तरतूद संगणकीय सीडीपेक्षा कमी ठेवलेली असते, त्यामुळे ओरखडा तिला अधिक बाधतो.

तबकडी पुसताना मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावे, गोलाकार फिरवून पुसू नये. सीडीची चकचकीत बाजू आपण जपतो, पण खरा धोका तिच्या नाव लिहिण्याच्या बाजूला असतो. परावर्तक थर तेथे पातळ लेपाखालीच असतो. त्या बाजूवर बॉलपेनने लिहू नये व चिकटपट्टी लावून ओढू नये. एखादी डीव्हीडी संगणकात रिकामी दिसली, तर ती लगेच टाकून देऊ नये. घरगुती रेकॉर्डरवर किंवा तबकडीच्या कॅमेऱ्यावर नोंदविलेली डीव्हीडी शेवटी फायनलाइज करावी लागे; ते राहून गेले असल्यास इतर यंत्रांना ती कोरी वाटते, परंतु जाणकाराच्या हाती तिच्यातील चित्रण परत मिळण्याची शक्यता असते.

प्रती निदान तीन असाव्यात: एक घरी, एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या नातलगाकडे आणि एक शाळेकडे. ज्या साधनावर त्या ठेवल्या, ते साधनही जुने होणारच. म्हणून दर पाच-सहा वर्षांनी प्रती उघडून पाहाव्यात आणि नव्या साधनावर उतरवाव्यात. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे चित्रणात कोण कोण दिसते, ती नावे, गाव आणि तारीख एका कागदावर लिहून ठेवावी. चेहरे ओळखणारी माणसे आज आपल्यात आहेत. ती गेली, की स्वच्छ दिसणारे चित्रसुद्धा अनोळखी होते, आणि त्यावर कोणत्याही यंत्राचा इलाज चालत नाही.

शाळेच्या व्यवस्थापनासही आमची एक विनम्र सूचना आहे. ग्रंथालयाच्या एका कोपऱ्यात चालू स्थितीतील एक डीव्हीडी प्लेअर आणि तबकडी वाचणारा एक संगणक ठेवावा. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या तबकड्या घेऊन यावे, प्रत उतरवून घ्यावी, एक प्रत शाळेला द्यावी आणि मूळ तबकडी परत न्यावी. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांकडे हे काम सोपविता येईल. त्यांना यंत्राचे ज्ञान मिळेल, आणि आपल्याआधी याच इमारतीत कोण राहिले, काय गायिले, काय बोलले, हेही कळेल. माजी विद्यार्थ्यांच्या पुढील मेळाव्याला येताना प्रत्येकाने कपाटातील एक तरी तबकडी सोबत आणावी, अशी आमची सर्वांना आग्रहाची विनंती आहे.